खाजनाची राखणदार: एका ड्रुइडची बांधणी, लेव्हल १ ते ८

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळात ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं आणि प्राण्याचं रूप घेणारं पात्र, बनवायला बसलेला खेळाडू बहुधा आधी प्राणी ठरवतो आणि बाकीचं नंतर बघतो. इथे जिची हकिकत मांडतोय त्या कॅरॅक्टरची सुरुवातही तशीच झाली. खेळाडू गोव्यातल्या दुर्भाटची. घरची खाजन शेती, म्हणजे खारं पाणी बांधानं अडवून केलेली. चिखलाची मगर करायची, तिला शिंपल्यांची खवलं लावायची आणि पुजायची, ती मांगे थापणी तिनं लहानपणापासून पाहिलेली. फोंड्यात आमच्या टेबलावर आली तेव्हा तिची शीट, म्हणजे कॅरॅक्टरचे आकडे लिहायचा कागद, कोरी होती, पण मागणी पक्की होती: "दादा, मला मगर होता यायला हवं."

आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ च्या नियमांनी. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. मोहिमेची भूमी काल्पनिक, पण ओळखीची: भरती-ओहोटीच्या नदीकाठचं गाव, खारं पाणी अडवणारा बांध, बांधात लाकडी दारांची मानस, नदीच्या अंगाला कांदळवन आणि वर डोंगरात देवराई. मानशीचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून नदीत जातं. गटात एक फायटर (लढवय्या), एक रोग (लपून वार करणारा) आणि एक बार्ड (गाणारा जादूगार) आधीच होते. फायटर खेळणारा तिचाच मामेभाऊ. लेव्हल वाढवताना एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) हिशेब आम्ही ठेवत नाही, कथेतला टप्पा गाठला की सगळे एकदम वर जातात.

या ड्रुइडला आठव्या लेव्हलपर्यंत वाढताना जवळून पाहिल्यावर माझं मत ठाम झालंय. ड्रुइड कोणता प्राणी होते याला टेबलावर जेवढं महत्त्व दिलं जातं तेवढं ते नाही. ती एका वेळी कोणतं एक स्पेल (मंत्र) धरून ठेवते आणि मार खाऊनही ते किती टिकवते, यावर तिची खरी ताकद ठरते. पुढचे सगळे निर्णय याच अंगानं वाचावेत.

मगर लगेच का नाही

वाइल्ड शेप, म्हणजे प्राण्याचं रूप घेणं, दुसऱ्या लेव्हलला मिळतो. दोनदा वापरता येतो, आणि छोटी विश्रांती घेतली की पुन्हा दोनदा. प्राणी कॅरॅक्टरनं आधी पाहिलेला असावा लागतो. शिवाय मर्यादा आहेत: दुसऱ्या लेव्हलला चॅलेंज रेटिंग (प्राणी किती भारी याचा आकडा) १/४ पर्यंत, उडणारा नको आणि पोहणाराही नको, चौथ्याला १/२ पर्यंत आणि पोहणारा चालतो, आठव्याला १ पर्यंत आणि पंखही खुले. मगरीचं रेटिंग १/२, पोहण्याचा वेग ३० फूट. म्हणजे चौथ्या लेव्हलच्या आधी मगर नाही.

मामेभावाचं म्हणणं होतं, "मग सर्कल ऑफ द मून घे ना, बाय, ते प्राण्यांचंच आहे." सर्कल म्हणजे ड्रुइडची शाखा. हा सल्ला सरसकट दिला जातो आणि त्यात तथ्यही आहे. मूनच्या ड्रुइडला दुसऱ्याच लेव्हलला रेटिंग १ चा प्राणी होता येतं, तेही बोनस ॲक्शननं, म्हणजे पाळीतली मुख्य कृती न खर्चता. तपकिरी अस्वलाचे ३४ हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो तो आकडा) अंगावर चढवून ती फायटरच्या पुढे उभी राहू शकते. पण मूनची सूट फक्त रेटिंगपुरती आहे. पोहण्या-उडण्याची अट तिथेही तशीच राहते. म्हणजे मून घेऊनही मगर चौथ्या लेव्हललाच, आणि चौथ्याला ती कुठल्याही सर्कलच्या ड्रुइडला मिळतेच. हे लक्षात आल्यावर वादच उरला नाही. अस्वलाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तिला पाण्याकाठची राखणदार हवी होती, आणि ती मिळते सर्कल ऑफ द लँडमध्ये.

'आधी पाहिलेला प्राणी' ही अट बरेच डीएम सोडून देतात. मी ती पाळतो, कारण तिच्यामुळे जग फिरून बघायला कारण मिळतं. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, त्या चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात. मोहिमेच्या पहिल्याच भागात मी तशीच एक मगर काठावर ठेवली. तिनं शीटच्या मागच्या बाजूला 'पाहिलेले प्राणी' अशी यादी सुरू केली आणि पहिली नोंद मगरीची केली.

आकडे आणि अंगावरचं सामान

कॅरॅक्टरचं नाव तिनं कांदळ ठेवलं. जात हिल ड्वार्फ. ड्वार्फ-ड्रुइड म्हटलं की भुवया उंचावतात, पण हिशेब चोख आहे: कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२, विज्डम (शहाणपण, ड्रुइडच्या जादूचा पाया) +१ आणि प्रत्येक लेव्हलला एक हिट पॉइंट जास्तीचा. १५, १४, १३, १२, १०, ८ या ठरलेल्या आकड्यांतून तिनं १५ विज्डमला दिला, तो १६ झाला. डेक्स्टेरिटीला १४. कॉन्स्टिट्यूशनला १३ देऊन १५ केला. स्ट्रेंग्थ १२, इंटेलिजन्स १०, कॅरिस्मा ८. कॉन्स्टिट्यूशनचा विषम आकडा पहिल्या दिवशी वाया गेल्यासारखा दिसतो, कारण १४ ला आणि १५ ला मॉडिफायर (फाशात मिळवायची भर) सारखाच, +२. तो मुद्दाम तसा ठेवला, चौथ्या लेव्हलला एक वाट उघडी राहावी म्हणून.

ड्रुइड धातूचं चिलखत वापरत नाही. चामड्याचं चिलखत ११, डेक्स्टेरिटीचे २, लाकडी ढालीचे २, मिळून आर्मर क्लास (वार लागायला शत्रूनं गाठायचा आकडा) १५. हातात लाकडी दांडा, तोच स्पेलसाठीचा फोकस. पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट्स ११. कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारी छोटी स्पेल) दोन: गायडन्स आणि थॉर्न व्हिप. थॉर्न व्हिप नवखे खेळाडू सहसा घेत नाहीत, कारण त्याचा मार फक्त १डी६, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा. पण तो ३० फुटांवरच्या माणसाला दहा फूट आपल्याकडे ओढतो, आणि पुढे या ओढण्याचीच किंमत मोठी ठरली.

पहिल्या दोन लेव्हलबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एन्टँगलनं पाय अडकवायचे, गुडबेरीची फळं वाटायची, कोणी पडला की हीलिंग वर्ड. बार्डकडेही हीलिंग असल्यामुळे तिच्यावर वैदूचं काम पडलं नाही, हे तिचं नशीब. ज्या गटात ड्रुइडला एकटीनं सगळ्यांना उठवत बसावं लागतं तिथे या बांधणीचा अर्धा फायदा जातो.

किनारा की दलदल

सर्कल ऑफ द लँडमध्ये भूमी निवडावी लागते. खाजनाला किनारा म्हणावं की दलदल, दोन्ही बसतं. आम्ही दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या. सर्कलची स्पेल कायम तयार असतात आणि रोजच्या संख्येत धरली जात नाहीत, म्हणून ही निवड हलकी नाही.

ड्रुइडची चांगली स्पेल बहुतेक सगळी कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे लक्ष लावून धरून ठेवण्याची आहेत: एन्टँगल, फेअरी फायर, मूनबीम, स्पाइक ग्रोथ, हीट मेटल, पास विदाउट ट्रेस, कॉल लाइटनिंग. एक धरलं की दुसरं सुटतं. मग सर्कलकडून घ्यायचं ते असं, की ज्याला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. दलदलीच्या यादीत डार्कनेस आणि स्टिंकिंग क्लाउड, दोन्ही धरून ठेवण्याची. जंगलाच्या यादीत तिसऱ्या लेव्हलला बार्कस्किन आणि स्पायडर क्लाइंब, तीही तशीच. किनाऱ्याच्या यादीत तिसऱ्याला मिरर इमेज आणि मिस्टी स्टेप, पाचव्याला वॉटर ब्रीदिंग आणि वॉटर वॉक. या चारपैकी एकालाही कॉन्सन्ट्रेशन नाही. स्पाइक ग्रोथचे काटे पसरून ठेवायचे आणि तेवढ्यात कोणी अंगावर आला तर मिस्टी स्टेपनं ३० फूट लांब जायचं, काटे तसेच. किनाराच घ्यायचा हे तिनं स्वतः ठरवलं, मला काही सुचवावं लागलं नाही.

बांधावरची रात्र

तिसऱ्या लेव्हलची ही लढाई सविस्तर सांगतो, कारण पुढचा मोठा निर्णय तिच्यातून आला.

भरती चढत होती. बांध फोडून शेतं बुडवायला आलेली टोळी एका ओळीत बांधावरून मानशीकडे येत होती. पाच साधे लुटारू, प्रत्येकी ११ हिट पॉइंट्स, आणि त्यांचा म्होरक्या ६५ चा. कांदळ मानशीजवळ ओणवी बसलेली, फायटर तिच्यामागे, रोग कांदळवनात लपलेला.

तिनं स्पाइक ग्रोथ टाकलं. वीस फूट त्रिज्या, म्हणजे बांधाचा चाळीस फुटांचा पट्टा. जमीन दिसायला तशीच राहते. स्पेल टाकताना ज्यानं पाहिलं नाही त्याला सहज कळत नाही. आत प्रत्येक पाच फुटाला २डी४ मार, आणि चालणं निम्म्यावर. ३० फूट वेगाचा माणूस एका खेपेत पंधरा फूटच सरकतो आणि ६डी४ खातो, सरासरी १५. घाबरून धावला तर तीस फूट, १२डी४, सरासरी ३०. पुढचे दोघे लुटारू पहिल्याच खेपेत आडवे झाले. म्होरक्या पंधरा फूट आत आला, पाय रक्ताळले, थबकला. मागचे तिघे जागच्या जागी थांबले.

मग तिनं थॉर्न व्हिप फेकला. फासा १४, त्यात ५, एकूण १९. लागला. वेलीचा मार ४. आणि म्होरक्या काट्यांतूनच दहा फूट ओढला गेला, म्हणून आणखी ४डी४. ते आले ११. एका कॅन्ट्रिपमध्ये पंधरा, आणि स्लॉट (मोठी स्पेल टाकायची मोजकी संधी) एकही खर्च नाही. तिसऱ्या लेव्हलला मूनबीमची सरासरी ११ आहे, हे लक्षात घेतलं की या जोडगोळीचं मोल कळतं. मामेभाऊ खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

पुढच्या फेरीत मागच्या एकाचा क्रॉसबो चालला. सात मार. २७ पैकी वीस उरले, म्हणजे जिवाला धोका काही नव्हता. पण मार लागला की कॉन्सन्ट्रेशनसाठी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे निभावण्याचा फासा: दहा किंवा माराच्या निम्मे, जे मोठं ते गाठायचं. इथे दहा. फासा पडला ६, त्यात २, आठ.

"बाय, तुझे काटे गेले!"

मोकळा झालेला म्होरक्या फायटरला ढकलून मानशीपर्यंत पोचला आणि कुऱ्हाडीनं दार फोडलं. टोळी शेवटी हरली, पण खारं पाणी आत आलं ते आलंच. त्या गावात पुढचे हंगाम कोरगुट भात सोडून काही पिकणार नाही, असं मी कथेत ठेवलं, कारण ते भात खाजनातला खारेपणा सोसतं. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते खेळापुरतं नव्हतं. बांध फुटणं म्हणजे काय हे घरात पाहिलेली मुलगी ती.

चौथ्या लेव्हलचा निर्णय

तीन वाटा होत्या. विज्डम १८ करायचं, वॉर कास्टर हे फीट (खास कसब) घ्यायचं, किंवा रेझिलिअंट घेऊन कॉन्स्टिट्यूशन १६ करायचं आणि त्या सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारी भर) मिळवायची.

दहा गाठायला +२ वर फाशावर ८ लागतात, म्हणजे शंभरात ६५ वेळा टिकतं. वॉर कास्टरनं दोन फासे टाकून चांगला घेता येतो. टिकण्याची शक्यता जवळजवळ ८८. रेझिलिअंटनं चौथ्या लेव्हलला +५, म्हणजे ८०, आणि पाचव्याला प्रोफिशियन्सी वाढल्यावर +६, म्हणजे ८५. नुसतं कॉन्सन्ट्रेशन बघितलं तर वॉर कास्टर सरस, आणि मोठा मार बसल्यावरही ते थोडं पुढेच राहतं: पंधरा गाठायचे असतील तर पाचव्या लेव्हलला ६४ विरुद्ध ६०. मी असतो तर वॉर कास्टर घेतलं असतं.

तिनं रेझिलिअंट घेतलं. विषम १५ चा १६ झाल्यानं मागच्या चारही लेव्हलचे मिळून चार हिट पॉइंट्स वाढले, ३५ चे ३९. रोगराई, विष, थंडी, ज्यात ज्यात कॉन्स्टिट्यूशन सेव्ह लागतो तिथे सगळीकडे फायदा. आणि प्रोफिशियन्सी वाढत जाते तसा आकडा आपोआप वाढतो. नवव्या लेव्हलला तो ९० वर जातो. तिचं म्हणणं साधं होतं: "मला नुसते काटे नाही टिकवायचे, मलाही टिकायचंय." यावर वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं. कॅरॅक्टर तिचं आहे. हिशेब समोर मांडून गप्प बसणं हे डीएमचं काम.

मगर पाण्यात उतरते

याच लेव्हलला मगर खुली झाली, पण तिचा खरा वापर पाचव्या लेव्हलला दिसला. बऱ्याच खेळाडूंच्या ध्यानात न राहणारा नियम असा: प्राण्याच्या रूपात नवं स्पेल टाकता येत नाही, पण आधी धरलेलं सुटत नाही. पहिल्या फेरीत बांधावर स्पाइक ग्रोथ. दुसऱ्या फेरीत मगर होऊन खाडीत. आता काटे टाळायचे तर शत्रूला बांधावरून खाली पाण्याच्या कडेला उतरावं लागतं, आणि तिथे ती आहे. मगरीचा चावा १डी१० आणि २, आणि चावला की धरला: सुटायला बारा गाठावे लागतात, तोवर तो जखडलेला. मगर पंधरा मिनिटं श्वास रोखते. बांधावरून तिला कोणी बघू शकत नाही, आणि जिला बघता येत नाही तिच्यावर नेम धरणं कठीण.

यातही एक उणी बाजू आहे. रूप घेतल्यावर सेव्हची प्रोफिशियन्सी टिकते, पण कॉन्स्टिट्यूशन मगरीचं धरायचं, ते १३. म्हणजे +६ चा +४ होतो. मगरीचे १९ हिट पॉइंट्स ढालीसारखे पुढे असतात हे खरं, पण काटे सुटण्याची भीती मगरीच्या अंगात जास्त, ड्वार्फच्या अंगात कमी. म्हणून ती उघड्यावर कधी मगर होत नाही, पाण्यातच होते. बोलताही येत नाही, तेव्हा गटानं खुणा ठरवल्या: शेपटीचा एक फटका म्हणजे मागे या, दोन म्हणजे इकडे ढकला. फायटर आणि मगर यांची जी जोडी तिथून जमली ती मला फार आवडते. ढकलायचं काम त्याचं, ओढायचं तिचं.

पाचव्याला कन्जुअर ॲनिमल्स मिळतं आणि २०१४ च्या नियमांत ते भलतंच जोरदार आहे: रेटिंग १/४ चे आठ प्राणी एकदम. आठ प्राण्यांच्या आठ चाली, आठ हल्ले, आणि बाकीचे तिघे हात बांधून बसलेले. तिनं ते एकदा वापरून पाहिलं आणि स्वतःहून ठरवलं की यापुढे रेटिंग १ चे दोनच बोलवायचे, त्यांचे आकडे आधी कागदावर लिहून आणायचे. प्रत्येक टेबलानं हे करावं असं मी म्हणेन. दुसऱ्याची पाळी न खाणं हाही बांधणीचाच भाग.

२०२४ चं नवं पुस्तक वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथे सर्कल तिसऱ्या लेव्हलला मिळतं, वाइल्ड शेप सगळ्यांनाच बोनस ॲक्शननं होतो, रूप घेतल्यावर प्राण्याचे हिट पॉइंट्स मिळत नाहीत तर थोडे तात्पुरते मिळतात, आणि कन्जुअर ॲनिमल्समध्ये सुटे प्राणी येत नाहीत. धातूच्या चिलखताची बंदीही तिथे उरलेली नाही. वरचा मगरीचा हिशेब त्यामुळे तसाच्या तसा लागू पडणार नाही.

सहा, सात, आठ

सहाव्याला लँड्स स्ट्राइड: चिखल, झुडपं, कांदळाची मुळं यांतून चालताना वेग कमी होत नाही. २५ फुटांच्या ड्वार्फला याची गरज सगळ्यांत जास्त होती. सातव्याला आइस स्टॉर्म, जे कॉन्सन्ट्रेशन न लागता मोठा मार देतं, आणि किनाऱ्याकडून फ्रीडम ऑफ मूव्हमेंट आणि कंट्रोल वॉटर. कंट्रोल वॉटर धरून ठेवावं लागतं, पण बांध राखणाऱ्या कॅरॅक्टरसाठी ते सोन्यासारखं आहे. फुटलेल्या मानशीतून येणारं पाणी तिनं त्याच जोरावर मागे रेटलं आणि गावकऱ्यांना दार बसवायला वेळ मिळवून दिला.

सातव्या लेव्हलच्या कथेत मी एक जुनी गोष्ट उसनी घेतली. ड्रुइड हा खेळाडूंचा क्लास म्हणून १९७६ मध्ये आला, आणि १९७८ च्या नियमांत सर्वांत वरची जागा एकच असे. तिथे पोचायचं तर बसलेल्या ड्रुइडला द्वंद्वात हरवावं लागे. आजच्या नियमांत तसं काही नाही. मी देवराईत एक म्हातारा राखणदार ठेवला होता, तो आव्हान देणार हे ठरलेलं होतं. कांदळनं दांडा जमिनीवर ठेवला आणि लढायला नकार दिला. रात्रभर राईत बसून त्याच्याबरोबर पाहणीला निघाली: कुठे वारूळ आहे, कुठला झरा आटला, कुठल्या वाटेनं गवे उतरतात. म्हाताऱ्यानं जागा तशीच दिली. सत्तरीतल्या केरीच्या अजोबाच्या राईसारख्या जागा आमच्या सगळ्यांच्या मनात आहेत, त्यामुळे त्या प्रसंगात कोणालाही वर्णन समजावून सांगावं लागलं नाही.

आठव्याला पुन्हा निवड. या वेळी तिनं विज्डम १८ केलं. स्पेलची डीसी, म्हणजे शत्रूला वाचायला गाठावा लागणारा आकडा, १४ ची १५ झाली, रोज तयार करायची स्पेल बारा. रेझिलिअंट असल्यावर वर वॉर कास्टर घेतलं असतं तर साधा मार खाऊन कॉन्सन्ट्रेशन टिकण्याची शक्यता ९८ च्या आसपास गेली असती. ८५ वर थांबून बाकी सगळं एक पायरी वर नेणं मला जास्त समंजस वाटतं. पंख खुले झाले, पण 'पाहिलेले प्राणी' या यादीत उडणारा एकही मोठा पक्षी नाही, आणि तिला त्याची घाई नाही.

आता नववी लेव्हल समोर आहे आणि किनाऱ्याच्या यादीत तिथे कन्जुअर एलिमेंटल येतं. पाण्यातून बोलावलेला तो एलिमेंटल तासभर तिचं ऐकेल, पण कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर तो नाहीसा होत नाही. तिच्या ताब्यातून सुटतो आणि उलटतो. नवव्याला सेव्ह +७, म्हणजे साध्या माराला दहात एकदा चुकण्याची शक्यता. गटात यावर चर्चा चालू आहे. मामेभावाचं म्हणणं, तिला मानशीच्या खोलीत बसवून दारात आपण उभं राहायचं. बार्ड म्हणतो, बोलवायचाच तर खाडीच्या पलीकडच्या काठावर, गावापासून लांब. तिनं अजून ठरवलेलं नाही, पण स्पेलच्या यादीत त्याच्यापुढे पेन्सिलनं लिहून ठेवलंय: 'भरती असताना नाही.'